अख्ख्या गावानं एकच पुस्तक वाचलं तर?

तर झालं असं, की २००७ च्या मार्चमध्ये मी सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूला ऑनसाइट होतो. ऑनसाइट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नकोच. चौघांत मिळून एक अपार्टमेंट, पुण्याहून बॅगेत कोंबून नेलेला कुकर, सकाळची बस, दिवसभर क्लायंट आणि रात्री जेवता जेवता पुन्हा इकडच्या टीमबरोबर कॉल. बाहेर सतत पाऊस. तिथला पाऊस आपल्यासारखा धो धो कोसळत नाही, नळ नीट बंद न केल्यासारखा नुसता टिपटिपत राहतो. तीन महिने झाले होते आणि ऑफिसबाहेरच्या एकाही माणसाशी मी धड पाच मिनिटं बोललो नव्हतो.

एका सकाळी बसमध्ये शेजारी साठीच्या एक बाई येऊन बसल्या. त्यांनी पर्समधून पुस्तक काढलं. झुंपा लाहिरीचं 'द नेमसेक'. दोन पानं वाचली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हीही हेच वाचताय का?" मला वाटलं, मी भारतीय दिसतो म्हणून विचारतायत. थोडं तसंही असेल. पण पुढचं वाक्य ऐकून मी चक्रावलो. म्हणाल्या, "यंदा सगळं शहर हेच वाचतंय ना!"

आता, मी काही ते पुस्तक वाचलं नव्हतं. पण आमच्या चौघांत एक बंगाली होता, त्यामुळे घरचं नाव वेगळं आणि बाहेरचं वेगळं, ही डाकनाम-भालोनामची भानगड मला तोंडपाठ होती. ती मी त्यांना ऐटीत समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या त्यांच्या वडिलांबद्दल बोलायला लागल्या. वडील नॉर्वेहून आलेले. कामावरच्या मुकादमाला त्यांचं नाव उच्चारता येईना, म्हणून त्यानं ते कापून दोन अक्षरांचं केलं. ते कापलेलं नाव घेऊन माणूस पन्नास वर्षं जगला. "आम्ही थडग्यावर मात्र त्यांचं पूर्ण नाव लिहिलं," त्या म्हणाल्या आणि त्यांचा स्टॉप आला.

त्या उतरून गेल्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही. नावांवर एवढं बोलूनसुद्धा!

त्या शनिवारी मी सिॲटलच्या मुख्य लायब्ररीत गेलो. (२००४ साली उघडलेली ती काचेची वाकडीतिकडी इमारत. सिॲटलला गेलात तर स्पेस नीडल राहिला तरी चालेल, पण ही चुकवू नका.) तिथे 'द नेमसेक'च्या प्रती थप्पीनं रचून ठेवल्या होत्या. बरोबर एक छोटी पुस्तिका, तिच्यात चर्चेसाठी प्रश्न. पुढे एका शाखेत झालेल्या चर्चेलाही मी जाऊन बसलो. पंधराएक लोक, गोल मांडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफी. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी अनोळखी माणसांशी दीड तास बोललो आणि त्यात एकदाही 'डिलिव्हरेबल' हा शब्द आला नाही. :-)

तेव्हापासून हे प्रकरण डोक्यात आहे. कोणाच्या डोक्यातून निघालं हे? आणि चालतं का खरंच?

*

सुरुवात सिॲटलमध्येच झाली, १९९८ साली. सिॲटलच्या सार्वजनिक लायब्ररीत 'वॉशिंग्टन सेंटर फॉर द बुक' नावाचा विभाग होता आणि नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल बाई तो चालवायच्या. ग्रंथपाल म्हटलं की आपल्यासमोर काय येतं? चष्मा, रजिस्टर आणि "पुस्तक परत करायची तारीख उलटून गेलीय" हे वाक्य. या बाई जरा वेगळ्या. त्यांचा एक नियम वाचकांमध्ये फार लोकप्रिय आहे. पुस्तक आवडत नसेल तर पन्नास पानांपर्यंत वाट बघा, नाहीतर खुशाल सोडून द्या. पन्नाशी उलटली असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं वाचा. म्हणजे सत्तरीच्या माणसाला तीस पानं पुरेत, आयुष्य थोडं उरलंय! पुढे २००३ मध्ये सिॲटलच्याच एका खेळण्यांच्या दुकानानं या बाईंची बाहुली बाजारात आणली. बटण दाबलं की बाहुली ओठांवर बोट नेऊन "श्श्श" करते.

तर या पर्लबाईंनी एक साधा प्रश्न विचारला. सगळ्या सिॲटलनं एकच पुस्तक वाचलं तर? हा प्रश्न म्हणजेच कार्यक्रमाचं नाव झालं. (पुढे ते आटोपशीर होऊन 'सिॲटल रीड्स' झालं.) पैसा एका खाजगी फाउंडेशनच्या अनुदानातून आला. पहिलं पुस्तक ठरलं रसेल बँक्स यांची 'द स्वीट हिअरआफ्टर' ही १९९१ ची कादंबरी.

निवड बघण्यासारखी आहे. बर्फाळ भागातलं एक छोटं गाव. शाळेच्या बसला अपघात होतो आणि गावातली चौदा मुलं जातात. मग शहरातून एक वकील येतो आणि आईबापांना सांगायला लागतो, की हा अपघात नाही, कोणाचा तरी गुन्हा आहे, आपण दावा ठोकू. गोष्ट चार जण आळीपाळीनं सांगतात. बस चालवणारी बाई, दोन मुलं गमावलेला बाप, तो वकील आणि अपघातातून वाचलेली एक मुलगी. चौघांचंही ऐकताना वाटतं, की याचंच खरं. पुस्तक मिटल्यावर तुम्ही गप्प बसूच शकत नाही, कोणाशी तरी बोलावंसंच वाटतं.

इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. असल्या कार्यक्रमाला 'सर्वात थोर' पुस्तक लागत नाही, ज्यावर दोन शहाणी माणसं भांडू शकतील असं पुस्तक लागतं. बाकी यंत्रणा सोपी आहे. लायब्ररीनं भरपूर प्रती घ्यायच्या, वाचनगटांना वाटायच्या, बरोबर प्रश्नांची पुस्तिका द्यायची, शाखाशाखांत चर्चा ठेवायच्या, विषयाशी जुळणारं एखादं व्याख्यान किंवा सिनेमा ठेवायचा आणि शेवटी लेखकाला गावात आणून लोकांसमोर बसवायचं. लेखक स्टेजवर आणि लोक खाली टाळ्या वाजवतायत असं नाही, तर सगळ्यांनी पुस्तक वाचून झालंय आणि लोक लेखकाला अडचणीचे प्रश्न विचारतायत, असं.

त्या काळात टीव्हीवर ऑप्रा विन्फ्रीचा बुक क्लब जोरात होता, तो १९९६ मध्ये सुरू झालेला. ती पुस्तकाचं नाव घ्यायची आणि लाखोंनी खप व्हायचा. पण ते वाचन आपापल्या सोफ्यावर. पर्लबाईंची गंमत अशी, की शेजारच्या खुर्चीवर खरोखरचा शेजारी बसलेला असायचा.

*

कल्पना पसरायला तीनेक वर्षं लागली. खरा धमाका शिकागोत झाला, २००१ मध्ये. महापौर रिचर्ड डेली स्वतः यात उतरले आणि हार्पर ली यांची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) निवडली गेली. अमेरिकेच्या दक्षिणेतलं गाव, एका काळ्या माणसावर बलात्काराचा खोटा आरोप आणि त्याचं वकीलपत्र घेणारा एक गोरा वकील. वंशभेदाच्या जखमा अंगावर असलेल्या शिकागोसारख्या शहरासाठी हे पुस्तक म्हणजे मुद्दाम दुखऱ्या जागी ठेवलेलं बोट होतं. हे सगळं चाललं होतं २००१ च्या शरदात, म्हणजे ११ सप्टेंबरच्या आगेमागे. रस्त्यावरच्या दाढीवाल्या माणसाकडे लोक संशयानं बघायला लागले होते आणि त्याच आठवड्यांत एक शहर 'दुसऱ्याच्या कातडीत शिरून बघणं' या विषयावरचं पुस्तक वाचत होतं. हा योगायोगच, पण विलक्षण.

शिकागोचं बघून गावागावांना चेव आला. आणि मग आलं न्यूयॉर्क.

न्यूयॉर्कमध्ये २००२ साली लायब्ररीवाले, पुस्तकविक्रेते, शिक्षक वगैरे मंडळींची कमिटी बसली. दोन पुस्तकं शेवटपर्यंत टिकली. एक चँग-रे ली यांची 'नेटिव्ह स्पीकर', कोरियन वंशाच्या एका खाजगी हेराची कादंबरी. दुसरं जेम्स मॅकब्राइड यांचं 'द कलर ऑफ वॉटर', गोऱ्या ज्यू आईच्या काळ्या मुलानं लिहिलेलं आत्मकथन. एका पुस्तकानं आशियाई लोक दुखावतील अशी कोणाला तरी काळजी, दुसऱ्यानं सनातनी ज्यू दुखावतील अशी दुसऱ्या कोणाला. वाद एवढा विकोपाला गेला, की कमिटी फुटली. एका गटाचं एक पुस्तक, दुसऱ्याचं दुसरं, आणि 'एक शहर एक पुस्तक' यातला 'एक' गेला वाऱ्यावर. आपली साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची भांडणं आठवून मला फार बरं वाटलं. आपण एकटे नाही!

त्याच सुमारास मोठमोठ्या टीकाकारांनीही तोफा डागल्या. हॅरल्ड ब्लूम हे साहित्याच्या प्राध्यापकांमधलं फार बडं प्रस्थ. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हा सामुदायिक वाचनाचा प्रकार म्हणजे सगळ्यांनी एका तालात तेच ते फास्ट फूड खाण्यासारखं आहे. वाचन ही एकट्यानं करायची गोष्ट आहे.

हे उडवून लावण्यासारखं नाही. मला स्वतःला 'सगळ्यांनी मिळून' म्हटलं की शाळेतली सामुदायिक कवायत आठवते. पुस्तक कोण ठरवणार, का ठरवणार, आणि उद्या एखाद्या सरकारनं ठरवलं की सगळ्यांनी अमुकच वाचायचं, तर? हा प्रश्न राहतोच.

यावर पर्लबाईंचं उत्तर मला भारी वाटतं. न्यूयॉर्कच्या भांडणाच्या वेळी त्यांनी बजावलं होतं, की बाबांनो, हा लायब्ररीचा कार्यक्रम आहे, नागरिकशास्त्राचा तास नव्हे. एका पुस्तकानं वंशभेद बरा होईल असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. आपण एका साहित्यकृतीबद्दल बोलतोय, बस्स. ज्यांनी ही कल्पना काढली त्यांनीच तिच्याकडून एवढी माफक अपेक्षा ठेवावी, ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

(न्यूयॉर्कचं काय झालं पुढे? २०१७ मध्ये त्यांनी शहाणपणा केला. पाच पुस्तकं ठेवून सरळ लोकांकडून मतदान घेतलं. चिमामांडा न्गोझी अदिची यांची 'अमेरिकाना' जिंकली. पंधरा वर्षं लागली, पण सुटला प्रश्न.)

*

इकडे २००४ मध्ये अमेरिकेच्या 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स' या सरकारी संस्थेचा एक अहवाल आला. वर्षभरात एखादी तरी कथा-कादंबरी, कविता किंवा नाटक वाचणारे प्रौढ १९८२ मध्ये ५६.९ टक्के होते, ते २००२ मध्ये ४६.७ टक्क्यांवर आले होते. वीस वर्षांत दहा टक्के वाचक गायब! आणि हे सगळं स्मार्टफोनच्या आधीचं, बरं का. संस्थेचे तेव्हाचे प्रमुख डेना जॉया हे स्वतः कवी. त्यांनी 'द बिग रीड' सुरू केलं. २००६ मध्ये दहा गावांत पायलट, २००७ पासून देशभर. (बघा, सरकारी लोकसुद्धा आधी पायलट करतात. आपण मात्र शुक्रवारी संध्याकाळी थेट प्रॉडक्शनला.)

बाकीच्या देशांनी आपापल्या चवीची फोडणी दिली. कॅनडाच्या रेडिओनं २००२ मध्ये याची चक्क स्पर्धा केली. पाच नामवंत, प्रत्येकाचं एक पुस्तक, रोज मतदान करून एकेक पुस्तक बाद. पहिल्या वर्षी मायकेल ओंडाची यांची 'इन द स्किन ऑफ अ लायन' जिंकली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलनं २००३ मध्ये 'ट्रेझर आयलंड' वाचलं, कारण त्या गोष्टीतलं जहाज ब्रिस्टलच्याच धक्क्यावरून सुटतं. डब्लिननं २००६ पासून दर एप्रिलमध्ये डब्लिनशी नातं असलेलं एक पुस्तक वाचायला घेतलं. त्यांच्याकडे लेखकांना काय तोटा!

आणि सिॲटलनं २००५ मध्ये ज्युली ओत्सुका यांची 'व्हेन द एम्परर वॉज डिव्हाइन' वाचली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना घरातून उचलून छावण्यांत ठेवलं, त्याची ही गोष्ट. सिॲटलच्या आसपासच्या हजारो कुटुंबांनी १९४२ मध्ये हे प्रत्यक्ष भोगलं होतं. म्हणजे त्या वर्षी चर्चेच्या गोल खुर्च्यांत असेही म्हातारे बसलेले असू शकत होते, ज्यांच्या लहानपणी त्यांच्या घराला कुलूप लागलं होतं. आणि शेजारच्या खुर्चीवर, ज्यांनी तेव्हा ते नुसतं बघितलं, ते. असल्या वेळी ब्लूमसाहेबांचं म्हणणं मला थोडं अपुरं वाटतं. काही पुस्तकं एकट्यानं वाचून संपत नाहीत.

*

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं कौतुक झालं, आपलं काय?

मी हे सगळं फोनवर माझ्या आजीला सांगितलं होतं, २००७ मध्येच, मोठ्या उत्साहात. आजी म्हणाली, "अरे म्हणजे सप्ताहच की!"

मी फोन हातात धरून गप्पच बसलो. खरंच की. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी दर वर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ सात दिवसांत, म्हणजे दिवसाला तेराशेच्या आसपास ओव्या. मांडवात रांगेनं बसलेले वाचक, व्यासपीठावरून सूर देणारे एक महाराज आणि वीणा खाली ठेवायची नाही म्हणून रात्रभर पाळीपाळीनं पहारा करणारी पोरं. एक गाव, एक पुस्तक, आणि त्याभोवती स्थानिक कार्यक्रमांची रेलचेल! सिॲटलच्या लायब्ररीच्या पत्रकात जे जे होतं ते ते सगळं, वर जेवण फुकट. शिवाय श्रावणात घरोघरी पोथी लागायची ती वेगळीच. एक जण वाचणार, आळी ऐकणार. माझ्या आजीला सही करण्यापुरतंच लिहिता यायचं, पण ऐकून ऐकून तिला ओव्याच्या ओव्या पाठ होत्या. म्हणजे तिची गणना 'वाचक' म्हणून करायची की नाही? अमेरिकेच्या त्या अहवालात तिला कुठल्या टक्क्यात घातलं असतं?

पण फार हुरळून जाण्यात अर्थ नाही. दोन फरक आहेत आणि ते टाळून चालणार नाही.

पहिला फरक असा, की पारायणात ग्रंथाशी भांडायचं नसतं. तिथे श्रद्धा आहे, आणि ती असायला काहीच हरकत नाही. पण "मला हे पटलं नाही" असं मांडवात उठून कोणी म्हणत नाही. पर्लबाईंचा सगळा डोलारा मात्र त्या एका वाक्यावर उभा आहे.

दुसरा फरक जास्त बोचरा. 'अख्खं गाव' म्हणजे कोण? आजोबा सांगायचे, की त्यांच्या लहानपणी गावकुसाबाहेरच्या माणसांनी सप्ताह ऐकायचा तो मांडवाबाहेर उभं राहून. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. ज्या ग्रंथात अवघ्या विश्वासाठी मागणं मागितलंय, तो ग्रंथ ऐकायला गावातलीच माणसं मांडवाबाहेर. पुस्तक सगळ्यांचं होतं, मांडव नव्हता.

म्हणूनच मला आपल्याकडचं दुसरं एक उदाहरण जास्त जवळचं वाटतं. सत्तरच्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी 'ग्रंथाली' सुरू केली. तिचं वर्णनच 'वाचक चळवळ'. पुस्तकं स्वस्तात वाचकांपर्यंत न्यायची, गावोगाव ग्रंथयात्रा काढायच्या, असा खटाटोप. याच ग्रंथालीनं १९७८ मध्ये दया पवार यांचं 'बलुतं' काढलं. पांढरपेशा मराठी घरांत हे पुस्तक आलं आणि घरंच्या घरं ढवळून निघाली. कोणी रडलं, कोणी चिडलं, "हे एवढं लिहायची काय गरज होती" असं म्हणणारे दोन्ही बाजूंना होते, दलित समाजातसुद्धा. माझे बाबा तेव्हा कॉलेजात. ते सांगतात, की त्यांच्या मेसमध्ये एक प्रत आठ जणांत फिरली आणि जेवताना दुसरा विषयच नव्हता. कमिटी नाही, अनुदान नाही, प्रश्नांची पुस्तिका नाही. पण जे मांडवाबाहेर उभे होते, त्यांच्यातल्याच एकाचं पुस्तक आता मांडवातले लोक वाचत होते आणि त्यावर भांडत होते. 'एक शहर एक पुस्तक' याचा इतका अस्सल प्रयोग आपल्याकडे क्वचितच झाला असेल.

आणि अलीकडचं सांगायचं तर २०२४ च्या डिसेंबरात पुस्तक महोत्सवाच्या निमित्तानं पुण्यात 'शांतता... पुणेकर वाचत आहेत' असा उपक्रम झाला. दुपारी बारा ते एक, सगळ्यांनी जिथे असाल तिथे वाचायचं. छानच. पण गंमत बघा. सिॲटलमध्ये पुस्तक एक आणि वेळ ज्याची त्याची. पुण्यात वेळ एक आणि पुस्तक ज्याचं त्याचं! आमच्या भाषेत सांगायचं तर इथे घड्याळं सिंक झाली, डेटा नाही. पुणेकरांना एकच पुस्तक वाचायला लावणं हे न्यूयॉर्कपेक्षाही अवघड, हे संयोजकांना माहीत असणार.

*

आता शेवटचा किस्सा सांगतो आणि थांबतो.

आमची सोसायटी ८४ फ्लॅटची. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्याकडे पार्किंगवरून असा काही राडा झाला, की सी विंगमधले एक निवृत्त काका आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरचं तमिळ जोडपं एकमेकांशी फक्त वकिलाच्या नोटिशीतून बोलायला लागले. व्हॉट्सॲप ग्रुप तर उघडवत नव्हता. तेव्हा मला सिॲटल आठवलं. मी ग्रुपवर टाकलं, की गणपतीच्या आधी आपण सगळे मिळून एक पुस्तक वाचू. पहिलं उत्तर आलं, "आधी लिफ्ट दुरुस्त करा."

तरी नेटानं केलं. पुस्तक निवडलं व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. १९५५ चं. लहानसं आहे, एका शनिवार-रविवारी होतं. राम देशमुखांनी केलेला इंग्रजी अनुवादही आहे, त्यामुळे मराठी न वाचणाऱ्यांची सोय. आणि विषय? एक तरुण मास्तर परक्या धनगरवाडीत येतो, हळूहळू त्यांच्यातला होतो, सगळे मिळून तालीम बांधतात, आणि मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. नोकरीसाठी कुठून कुठून येऊन एका गेटच्या आत राहणाऱ्या लोकांना यापेक्षा जवळचं काय असणार!

क्लबहाउसमध्ये चर्चेला किती आले? अकरा. ८४ फ्लॅटमधून अकरा. सी विंगचे काका आले होते. तमिळ जोडप्यातली ती मुलगी अनुवादाची झेरॉक्स घेऊन आली होती. चर्चा जरा अडखळतच चालली होती. दुष्काळाच्या भागाशी आलो तेव्हा काका म्हणाले, "हे जुन्या काळचं झालं. आता कुठे गावं उठतात अशी?"

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, "उठत्यात की, सर."

वॉचमन मामा. चहाचा थर्मास द्यायला आले होते आणि दारातच थांबून ऐकत होते. ते आटपाडीकडचे, म्हणजे माडगूळकरांच्याच मुलखातले. आमच्याकडे सहा वर्षं काम करतायत आणि ही गोष्ट अकरापैकी एकालाही माहीत नव्हती. ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकात वाडी उठली नव्हं, तशी आमची दर साली उठती. पूर्वी मेंढरांमागं जायाचो, आता गेटवर हुबं ऱ्हायला येतो. एवढाच फरक."

कोणी काही बोललं नाही. मग त्या तमिळ मुलीनं उठून शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "बसा ना मामा." ते बसले. मेंढरं घेऊन कोकणात कसं उतरायचे, शेतकरी खतासाठी रानात मेंढरं कशी बसवून घ्यायचे आणि त्याबदल्यात धान्य कसं द्यायचे, असं अर्धा तास सांगत होते. सगळ्यात जास्त प्रश्न काकांनीच विचारले.

मला त्या रात्री झोप लागली नाही. त्याचं कारण असं, की निमंत्रणाची यादी मी स्वतः केली होती. एक्सेलमध्ये, ८४ ओळी, फ्लॅट नंबरसकट. 'सगळी सोसायटी' म्हणजे ८४ फ्लॅट, हे मी इतकं गृहीत धरलं होतं, की रोज गेट उघडणारा माणूस आणि घरोघरी काम करणाऱ्या मावशी त्या यादीत येऊ शकतात, हे डोक्यातही आलं नाही. आजोबांच्या गावच्या मांडवाबद्दल मी इतकी वर्षं तावातावानं बोलतोय, आणि माझा स्वतःचा मांडव असा. थर्मास द्यायला कोणी दुसरं आलं असतं तर आम्हाला कळलंही नसतं.

पार्किंगचा वाद मिटला का? नाही मिटला. नोटीस अजून आहे. पण काका आणि ती मुलगी लिफ्टमध्ये भेटले की आता बोलतात. (लिफ्ट दुरुस्त झाली.) पर्लबाईंनी सांगितलंच होतं, की पुस्तकानं रोग बरा होत नाही. पुस्तकामुळे फार तर एक खुर्ची पुढे ओढली जाते. पण ती ओढली जायला कोणीतरी दारात थांबलेलं दिसावं लागतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा केलं. या वेळी यादीत ९७ नावं होती, आणि ज्यांना वाचता येत नाही किंवा वेळ नाही त्यांच्यासाठी दर रविवारी गेटशेजारच्या कट्ट्यावर तासभर मोठ्यानं वाचन. आजी असती तर म्हणाली असती, "अरे म्हणजे पोथीच की!"